बीडच्या महसुली दप्तराची स्थित्यंतरे

गेवराई किंवा माजलगाव तालुक्यातील एखादा शेतकरी पीककर्जाच्या वा पीकविम्याच्या निमित्ताने भूलेखच्या संकेतस्थळावर जातो, विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर असे रकाने एकामागून एक भरतो आणि क्षणार्धात त्याच्या नावाचा सातबारा त्याच्या पुढ्यात येतो, तेव्हा त्या उताऱ्यामागचे दप्तर गेल्या दीडशे वर्षांत किती वेळा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका मापातून दुसऱ्या मापात आणि एका साधनातून दुसऱ्या साधनात उतरवले गेले आहे, याची त्याला सहसा कल्पना नसते. आणि ती नसावी, यातच एका अर्थी त्या दप्तराच्या राखणदारांचे यश आहे. जमीन जागची हलत नाही, परंतु जमिनीची नोंद मात्र सतत प्रवास करीत असते, आणि या प्रवासात जे सांडते ते पुढे कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षे शोधावे लागते. बीड जिल्ह्याने हा प्रवास इतर बहुतेक जिल्ह्यांपेक्षा अधिक वेळा केला आहे.

संकेतस्थळ ज्या डेटाबेसवर चालते त्याचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेणे, हे संगणकशास्त्रातील काम आज अनेकांच्या परिचयाचे आहे. एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना माहिती तक्त्यांच्या रूपाने कशी मांडावी याचे जे तत्त्व सांगितले, त्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. आणि त्यांच्या आवृत्त्या ठराविक काळाने जुन्या होतात. मायएसक्यूएल या सर्वत्र रूढ असलेल्या डेटाबेसच्या ५.७ या आवृत्तीची अधिकृत देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा भाड्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या असंख्य वेबसाइटना आपली माहिती पुढच्या आवृत्तीत हलवावी लागली. कामाची रीत साधी आहे: प्रथम सबंध माहितीचा बॅकअप घ्यावा, तो खरोखर उलगडतो की नाही हे अन्यत्र उलगडून पाहावे, नव्या नोंदी काही काळ तहकूब ठेवाव्यात, मग माहिती नव्या जागी भरून जुन्या-नव्या तक्त्यांतील नोंदींची संख्या आणि बेरजा ताडून पाहाव्यात. अडचण निराळ्याच ठिकाणी उद्भवते. जुन्या आवृत्त्या काही दोष निमूटपणे चालवून घेत असत. तारखेच्या रकान्यात कोणी नुसती शून्ये भरली तरी त्या तक्रार करीत नसत, तर नवी आवृत्ती अशी तारीख दाखल करून घ्यायलाच नकार देते. अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकीची धरली गेली, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटतात. अशा रीतीने वर्षानुवर्षे झाकलेले दोष स्थलांतराच्या दिवशी एकदम उघडे पडतात, आणि नेमक्या याच गोष्टीचा अनुभव बीडच्या महसुली दप्तराने संगणक जन्मण्याच्या कितीतरी आधी घेतला होता.

अठराव्या शतकात हा मुलूख औरंगाबाद सुभ्यात मोडत असे आणि निजाम व पेशवे या दोन सत्तांचा अंमल त्यावर कमीअधिक प्रमाणात चाले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे, म्हणजे आजच्या गेवराई तालुक्यात, माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा जो पराभव केला, तो या सत्तास्पर्धेतील एक ठळक प्रसंग होय. चौथाई आणि सरदेशमुखी यांचा हिशेब एका बाजूला आणि निजामाच्या अमिलांचा हिशेब दुसऱ्या बाजूला, अशा दुअमलीत गावचा पाटील आणि त्याचा लेखक दोघेही दोन दप्तरे सांभाळीत. वरचे कागद फारसीत आणि गावचे कागद मोडीत, ही वाटणी तेव्हापासूनची. आणि या दोन कागदांत मेळ राखण्याचे काम करणारा माणूस गावच्या इतिहासात राजापेक्षा कमी महत्त्वाचा नव्हता, असे माझे मत आहे.

पहिला सालारजंग १८५३ साली हैदराबाद संस्थानचा दिवाण झाला, त्यावेळी महसूल वसूल करण्याचा मक्ता सावकारांना आणि सरदारांना देण्याची पद्धत चालू होती, आणि मक्तेदाराचे दप्तर हे मक्तेदाराबरोबरच जात असल्याने सरकारच्या हाती शिल्लक अशी फारच थोडी माहिती राहत असे. १८६५ च्या जिल्हाबंदीने ही अवस्था पालटली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आला, त्याखाली तहसीलदार आला, आणि पुढील दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी, प्रतबंदी आणि धारावसुलीची आकारणी सुरू झाली. या मोजणीने जे सर्वांत मोठे काम केले, ते आकारणीचे नव्हे. प्रत्येक शेताला तिने कायमचा क्रमांक दिला. त्यापूर्वी शेत ओळखले जाई ते चिंचेच्या झाडावरून, ओढ्याच्या वळणावरून किंवा मूळ मालकाच्या आडनावावरून. झाड वठले, ओढ्याने पात्र बदलले किंवा घराणे गाव सोडून गेले, की ओळखही डळमळीत होई. सर्व्हे नंबर पडल्यानंतर मालक बदलो, भाषा बदलो वा राज्य बदलो, नोंद कोणत्या जमिनीची हा प्रश्न तरी निकालात निघाला. डेटाबेसच्या शास्त्रात प्रत्येक नोंदीला एक अद्वितीय आणि अपरिवर्तनीय ओळख असावी लागते, आणि तिच्याच आधारे एका तक्त्याचा दुसऱ्या तक्त्याशी संबंध जोडला जातो. बीडच्या माळरानांवर साखळी ओढीत फिरणाऱ्या मोजणीदारांनी हीच ओळख शेतांना बहाल केली होती.

इसवी सन १८८४ च्या सुमारास संस्थानाने कारभारातून फारसी काढून तिच्या जागी उर्दू आणली. गावचा पटवारी मात्र पुष्कळ ठिकाणी आपली मोडी सोडीत नव्हता, आणि त्याने ती सोडावी अशी अपेक्षाही नव्हती, कारण रयतेला वाचून दाखवायचे ते मराठीतच. अशा प्रकारे एकच नोंद गावात मोडीत, तहसिलीत उर्दूत आणि जुन्या सनदांमध्ये फारसीत अशी तिहेरी राहू लागली. त्यातच सर्व गावे एका दप्तरात नव्हती. दिवाणी गावांचे दप्तर सरकारकडे, जहागिरीच्या गावांचे जहागीरदाराकडे, आणि खुद्द निजामाच्या सर्फे-खास मुलखाचे त्याच्या स्वतंत्र यंत्रणेकडे. शिवाय इनामांची चौकशी होऊन जो निर्णय लागे त्याचा मुंतखब वेगळाच. वर्ष फसली, ज्यात ५९० मिळवले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन येते. नाणे हाली सिक्का, जे सात दिले म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा कलदार मिळत.

हे सगळे एकत्र करण्याचा प्रसंग आला तो १९४८ नंतर, आणि आला तो अत्यंत घाईचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले. १९४९ मध्ये सर्फे-खासचा मुलूख दिवाणीत सामील झाला, त्याच वर्षी जहागिरी नष्ट करणारा कायदा आला, १३५८ फसलीचा जमीन हक्कनोंदणीचा कायदा लागू झाला, आणि १९५० साली कुळकायदा आला. जहागीरदाराच्या मुनशीने आपल्या सोयीने राखलेली वही सरकारी नमुन्यात बसवायची, तिच्यातील हाली रुपयांचे कलदारांत रूपांतर करायचे, आणि ज्या कुळाचे नाव वहीत कधी चढलेच नव्हते, त्याला आता हक्क मिळणार असल्याने ते शोधून चढवायचे, असे हे काम होते. केवळ वह्यांवरून वह्या उतरवून ते होण्यासारखे नव्हते, कारण जुन्या वहीत जे चुकले ते नव्या वहीत स्वच्छ अक्षरात चुकले असते.

म्हणूनच १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा मराठवाड्याच्या महसुली इतिहासातील मला सर्वांत आदरणीय वाटणारा दस्तऐवज आहे. कागदावरून कागद करण्याऐवजी शेतावर जाऊन कागद करावा, पट्टेदार कोण, प्रत्यक्ष वहिवाटणारा कोण, कूळ कोण, क्षेत्र किती, जमीन इनामी की खालसा, हे बांधावर उभे राहून विचारावे आणि लिहावे, हा त्यामागचा विचार. नव्या व्यवस्थेत जाण्यापूर्वी जुन्या माहितीची वस्तुस्थितीशी एकवार गाठ घालावी, हे शहाणपण त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना होते. सत्तर वर्षे लोटली, तरी आजही बीडच्या, अंबाजोगाईच्या किंवा माजलगावच्या न्यायालयात जमिनीचा दावा उभा राहिला म्हणजे दोन्ही बाजूंचे वकील प्रथम खासरा पत्रकाची नक्कल मागवतात. त्यात चुका नाहीत असे नाही. बांधावर जो बलवान उभा होता त्याचेच नाव चढले, अशा तक्रारी अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, आणि त्यांतल्या काही खऱ्याही असतील. तथापि पुढच्या प्रत्येक नोंदीची सुरुवात कोठून झाली हे सांगता येईल असा एक पक्का टप्पा त्या पत्रकाने निर्माण केला, हे नाकारता येणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दप्तराने आणखी एक कूस बदलली. उर्दू गेली, मोडी मागे पडली, बाळबोध मराठी आली. वंशपरंपरेचा पटवारी जाऊन पगारी तलाठी आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनी आजचे गाव नमुने ठरवून दिले: हक्कांचा सात, पिकांचा बारा, फेरफारांचा सहा, खातेदाराच्या एकूण जमिनीचा आठ-अ. अनेक गावांत जमिनीच्या एकत्रीकरणाची योजना आली आणि तिने चक्क सर्व्हे नंबरच बदलून गट नंबर दिले. जुना नंबर कोणत्या नव्या गटात गेला हे दाखवणारे योजनापत्रक ज्या गावी जपले गेले नाही, तेथे मूळ क्रमांकाचा धागाच तुटला आणि आजोबांची जमीन नातवाला कागदावर ओळखू येईनाशी झाली.

त्याच सुमारास एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. हे रूपांतर वरवर अगदी निरुपद्रवी वाटते, म्हणून ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, तीन भावांत ३ एकर २१ गुंठे जमीन सारखी वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला १ एकर ७ गुंठे आले. एक गुंठा म्हणजे १.०१ आरापेक्षा किंचित अधिक. तेव्हा प्रत्येकाचे ४७ गुंठे म्हणजे सुमारे ४७.५५ आर झाले, आणि पूर्णांकात लिहिताना ते ४८ आर लिहिले गेले. तिघांची बेरीज १४४ आर. परंतु सबंध १४१ गुंठ्यांचे एकदम रूपांतर केले तर ते १४२.६५, म्हणजे १४३ आर होतात. एक आर जमीन कोठूनही न येता कागदावर जन्माला आली. तलाठ्याच्या हातच्या वहीत ही तफावत चालून जाई. तलाठी जाणता असे, भाऊही जाणते असत, आणि अठ्ठेचाळीस आराच्या वाट्यात एक आर इकडेतिकडे झाला म्हणून कोणी चावडीवर जात नसे. ही तफावत तेथे पुढील चाळीस वर्षे निमूटपणे पडून राहिली.

संगणक आला तेव्हा ती उठून उभी राहिली. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील निवडक आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि महाराष्ट्रातून त्यासाठी वर्ध्याची निवड झाली होती. राज्यभर सातबारा संगणकात भरण्याचे काम त्यानंतर झाले. तालुक्याच्या कचेरीतील संगणकावर त्या त्या तालुक्याची माहिती असे, आणि तलाठ्याच्या दप्तरात हस्तलिखित सातबारा चालूच असे. दोन दप्तरे पुन्हा समांतर चालू लागली, आणि दुअमलीचा जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला: फेरफार वहीत झाला पण संगणकात झाला नाही, किंवा संगणकात झाला पण वहीत राहिला. २००८ च्या राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमानंतर राज्याने ई-फेरफार ही प्रणाली आणली, तालुक्यातालुक्यात विखुरलेली माहिती राज्याच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे नेली, आणि हस्तलिखित सातबारा कायमचा बंद करण्याचे ठरवले. सुमारे अडीच कोटी सातबारे एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत न्यायचे होते. नवी प्रणाली खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळलीच पाहिजे असा आग्रह धरणारी होती. तिघा भावांचा तो एक आर तिने अडवला, आणि असे गट गावोगाव निघाले.

या दुरुस्तीच्या कामात, जे एडिट आणि री-एडिट या नावांनी तलाठी वर्गाच्या कायमचे स्मरणात राहिले आहे, प्रत्येक हस्तलिखित सातबारा संगणकातील उताऱ्याशेजारी ठेवून रकान्यागणिक ताडून पाहायचा होता. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून होकार भरायचा: नाव, क्षेत्र, आकार, फेरफार क्रमांक, कुळाचे नाव, इतर हक्क. बँकेचा बोजा उतरला पण नोंद राहिली, सामाईक विहिरीतील हिस्सा मूळ उताऱ्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहिला होता तो टंकलेखकाच्या नजरेतून सुटला, बापाचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झाली, असे दोष या वाचनात सापडत. चुका सुधारण्याचा अधिकार जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ अन्वये तहसीलदाराला आहे, आणि त्या काळात या कलमाचा जितका उपयोग झाला, तितका पूर्वी क्वचितच झाला असेल.

२०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातील उतारे गावात सर्वांसमक्ष वाचून दाखवायचे आणि खातेदारांचे आक्षेप जागच्या जागी नोंदवायचे, अशी ती योजना. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने तिचा हंगाम विशेष महत्त्वाचा होता. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्यांची धुराडी विझल्यावरच परत येतात. धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांत हिवाळ्यात वाचन ठेवले असते, तर ज्यांची जमीन वाचली जायची तेच गावात नसते. रुजुवात सर्वांदेखत व्हावी हे जितके आवश्यक, तितकेच ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या सवडीने व्हावी हेही आवश्यक असते. सगळ्याच गावी हे वाचन मनापासून झाले असे म्हणता येणार नाही. जेथे झाले तेथे नंतरच्या अर्जांची संख्या कमी राहावी हे स्वाभाविकच आहे.

पुढचे टप्पे सर्वांच्या समोरचे आहेत. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला, २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला, १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. नोंदणीकृत खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून थेट महसूल यंत्रणेकडे जाते, फेरफाराची नोटीस संकेतस्थळावर दिसते, आणि हरकतीची पंधरा दिवसांची मुदत मात्र जुनीच आहे. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या यापुढेही बदलत राहतील. सर्व्हर बदलेल, डेटाबेस बदलेल, आणि त्या त्या वेळी काही दिवस उतारे मिळणार नाहीत म्हणून लोक कुरकुरतील. त्या दिवसांत रुजुवातीचे काम चालू असेल, तर ती गैरसोय सोसण्याजोगी आहे, असे मला वाटते.

चिंता आहे ती दुसऱ्या टोकाची. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील तहसिलींच्या अभिलेखकक्षांतील, इतकेच नव्हे तर हैदराबादच्या जुन्या दप्तरांतील निजामकालीन कागद पुन्हा बाहेर निघाले, तेव्हा एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली, ती ही की कागद आहेत, पण ते वाचणारे मोजकेच उरले आहेत. मोडी वाचणारा मिळाला तर शिकस्ता वळणाची उर्दू वाचणारा मिळत नाही, आणि दोन्ही वाचणारा तर दुर्मीळच. संगणकाच्या भाषेत बोलायचे तर बॅकअप शाबूत आहे, पण तो उलगडण्याचे साधन हातचे जाऊ लागले आहे. खासरा पत्रकापूर्वीचा कोणताही दावा, मुंतखबावर उभी असलेली कोणतीही इनामी जमीन, जहागिरीतून खालसा झालेले कोणतेही गाव, यांचा शेवटचा पुरावा याच कागदांत आहे. आणि आजच्या संकेतस्थळावर ज्या नोंदी दिसतात, त्या अखेरीस यांच्यावरच टेकलेल्या आहेत.

राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेते. तसा एक वर्ग, मोडी आणि निजामकालीन उर्दू अशा दोन्ही लिप्यांचा, बीडच्या जिल्हाधिकारी कचेरीने आपल्या अभिलेखकक्षालगत कायमचा चालवावा आणि त्यात दरवर्षी जिल्ह्यातील काही तलाठी आणि काही पदवीधर तयार व्हावेत. आणि ज्या वाचकांची जमीन या जिल्ह्यात आहे, त्यांनी संकेतस्थळावरच्या उताऱ्यावर समाधान न मानता १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची आणि आपल्या गटाच्या जुन्या फेरफारांची नक्कल तहसिलीतून मागवून ती आजच्या सातबाऱ्याशी रकान्यागणिक ताडून पाहावी. तफावत आढळल्यास कलम १५५ खाली अर्ज करण्याचा अधिकार त्यांना आहे.